जुना लॅपटॉप भंगारात घालण्याआधी

(इचलकरंजीत युवक-युवतींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

येताना घरातला जुना लॅपटॉप घेऊन या, असा निरोप दिला होता. मला वाटलं चार-पाच जण आणतील. मागच्या भिंतीकडं बघा, रांगच लागलीय. एकाचा बिजागर तुटलाय म्हणून त्यानं तो सुतळीनं बांधून आणलाय. चांगलं केलंत. सुतळी सोडू नका, त्याच्याकडं शेवटी येते.

सुरुवात माझ्या एका चुकीनं करते. ती ऐकली नाहीत तर पुढचं सगळं तुम्हाला फार सोपं वाटेल, आणि सोपं वाटलं की हात घाईघाईनं चालतो.

२०१७ चा पावसाळा. जीएसटी नुकता लागू झाला होता. आमचे भाईजान खर्चीवाले, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, माग आमचे आणि मजुरी पिकावर. त्यांचा सगळा हिशेब एका लॅपटॉपवर होता: किती सूत आलं, किती ताके गेले, कामगारांची उचल, कांडीवाल्याचं देणं. तो लॅपटॉप सुरू व्हायला दहा-बारा मिनिटं लागायची. मी तेव्हा कॉलेजात होते आणि लिनक्स हा शब्द नुकताच शिकले होते. भाईजान कारखान्यात गेले आणि मी पेन ड्राइव्ह लावला. पडद्यावर प्रश्न आला, डिस्क पुसून बसवू का? मला वाटलं विंडोज पुसेल. मी 'हो' म्हटलं. त्यानं डिस्क पुसली. पूर्ण. पंचवीस मिनिटांत लॅपटॉप चकाचक झाला आणि त्यात काहीच उरलं नाही. हिशेब गेले, आणि अब्बांच्या शेवटच्या ईदचे फोटोही गेले.

अम्मी एवढंच म्हणाली, "तेरेकू बोली थी ना, हात नको लगा." भाईजान तर काहीच बोलले नाहीत, आणि हे त्याहून वाईट होतं. पुढच्या महिन्यात व्यापाऱ्याकडं सुताचा हिशेब जुळवायचा होता. आमच्याकडं कागद नव्हता, फाइल नव्हती. दिवाणजींनी त्यांच्या वहीतला आकडा वाचून दाखवला, तो आम्ही मान्य केला. तो आकडा बरोबर होता की नाही, हे आजही आम्हाला माहीत नाही.

फोटो मात्र बरेचसे परत मिळाले. फोटोरेक नावाचा एक मोफत, मुक्त प्रोग्राम आहे. पुसलेल्या डिस्कवर जे उरलेलं असतं ते तो शोधून काढतो. अट अशी की पुसलं गेल्याचं कळल्याक्षणी तो लॅपटॉप वापरणं बंद करायचं आणि सापडलेल्या फाइली दुसऱ्याच डिस्कवर काढायच्या. त्याच डिस्कवर काढल्या तर उरलेल्यावरही पाणी फिरतं. मी दोन रात्री बसले. फोटो आले, पण नावं गेली. प्रत्येकाला नुसता नंबर. हिशेबाच्या फाइली सापडल्या त्या तुटक्या किंवा वर्षापूर्वीच्या. म्हणून सांगते, आज इथं कुणाच्याही लॅपटॉपला हात लावायच्या आधी मी एकच विचारणार आहे: यातलं कायकाय दुसरीकडं कॉपी केलंय? "बहुतेक सगळं" हे उत्तर चालणार नाही.

याचीच दुसरी बाजू मुलींनी नीट ऐकावी. पुसलेल्या डिस्कवरून मी अब्बांचे फोटो काढू शकले, तर तुम्ही किलोवर भंगारात दिलेल्या लॅपटॉपवरून दुसरं कुणी तुमचे फोटो काढू शकतं. लॅपटॉप द्यायचाच असेल तर डिस्क काढून घरी ठेवा. चार स्क्रू असतात.

आता मुद्द्यावर. हे आत्ताच का बोलायचं? १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा आधार बंद केला. नावनोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षेचे अपडेट आणखी वर्षभर, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मग विंडोज ११ घ्या म्हणतात. त्याला टीपीएम २.० नावाची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे २०१७ च्या आधीचे जवळजवळ सगळे लॅपटॉप दाराबाहेर. मागं ठेवलेल्यांतले बहुतेक त्याच वयाचे आहेत. ते मोडलेले नाहीत, त्यांच्यासाठी लिहायचं कुणीतरी थांबवलंय, एवढंच.

आणि खरं बोलायचं तर आपल्या गल्लीत कुठं विंडोज विकत घेतलेलं असतं? दुकानदार शंभर-दोनशे रुपयांत 'टाकून देतो'. तो जी चावी लावतो, त्या चावीच्या प्रोग्रामबरोबर आणखी काय आत येतं ते त्यालाही माहीत नसतं. चोरीचा माल घरात आणू नये हे आपल्याला लहानपणी सांगितलेलं असतंच. इथं तर चोरीच्या मालात चोरच बसून येतो.

लिनक्सची गोष्ट थोडक्यात सांगते. १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी जाहीर केलं की आपण अशी प्रणाली लिहू जी कुणीही वापरावी, उघडून बघावी, बदलावी आणि वाटावी. ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकीत लिनस टॉरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानं आपल्या संगणकासाठी गाभा लिहायला घेतल्याचं कळवलं, आणि पुढच्या वर्षी तो स्टॉलमन यांच्याच परवान्याखाली खुला केला. ते दोन्ही जुळले. आज तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात तोच गाभा आहे. म्हणजे लिनक्स मला जमणार नाही असं म्हणणारा प्रत्येक जण खिशात लिनक्स घेऊनच म्हणतो.

'उघडून बघावी' हे इचलकरंजीला समजावून सांगायची गरज नसावी. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग आणला. त्यानंतर या गावानं जुन्या मशिनरीवर किती संसार चालवलेत! दुसरीकडं निकामी ठरलेले माग इथं आले आणि इथल्या जॉबरनं ते चालवून दाखवले. कारण साधा माग उघडा असतो. कुठला भाग कुठं लागतो ते दिसतं, तुटला तर गावात ओतून मिळतो, आणि कंपनीचा माणूस येईपर्यंत बसून राहावं लागत नाही. लिनक्स हा साधा माग आहे. जाता जाता सांगते, संगणकाचं मागाशी नातंही जुनंच आहे. जकार्ड माग छिद्रांच्या पुठ्ठ्यावरून नक्षी उचलतो. एकोणिसाव्या शतकात चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्राला हुकूम द्यायला तेच पुठ्ठे घ्यायचं ठरवलं होतं. ज्यांच्या घरी डॉबी आहे त्यांनी आज रात्री त्या पट्ट्यांवरच्या खुंट्या बघा. खुंटी आहे की नाही, एवढीच ती भाषा.

लिनक्सचे प्रकार शेकड्यानं आहेत. त्यांची नावं पाठ करत बसू नका, त्यात महिने जातात आणि लॅपटॉप तसाच पडून राहतो. लॅपटॉपमध्ये रॅम किती आहे आणि प्रोसेसर ६४ बिटचा आहे का, एवढंच आधी बघा. ४ जीबी आणि ६४ बिट असेल तर लिनक्स मिंट घ्या, त्यातली एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती. खाली डावीकडं मेनू, तिथंच सगळं. विंडोज ७ वापरलेल्या माणसाला दहा मिनिटांत सवय होते. मिंटच्या २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षेचे अपडेट आहेत. २ जीबी असेल तर लुबंटू चालून बघा, आणि त्याहून कमी असेल किंवा ३२ बिटचं जुनं यंत्र असेल तर अँटिएक्स किंवा पपी. आपल्या सी-डॅकचीही 'बॉस' नावाची प्रणाली २००७ पासून आहे, डेबियनवर बांधलेली. शिकायला मात्र मी मिंटच सुचवते, कारण अडलं तर मदत करणारी माणसं जास्त.

एक गैरसमज इथंच काढते. हलकी प्रणाली टाकली म्हणून यूट्यूब हलकं होत नाही. आजकाल रॅम प्रणाली कमी खाते आणि ब्राउझर जास्त. २ जीबीच्या लॅपटॉपवर लिनक्स झटकन सुरू होईल, पण दहा टॅब उघडलेत तर तोही घाम पुसेल. दोन-तीन टॅब ठेवा. पैसे खर्चायचे असतील तर आधी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी लावा, मग जुन्या बाजारातून रॅम. माझ्या अनुभवात दहा वर्षांच्या लॅपटॉपला एसएसडीनं जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशानंच पडत नाही.

आता प्रत्यक्ष काम. मिंटच्या अधिकृत साइटवरून आयएसओ फाइल उतरवा. तीन जीबीच्या आसपास असते, वायफाय नसेल तर दोन दिवसांचा डेटा धरा. उतरवल्यावर तिचा शा-२५६ आकडा साइटवरच्या आकड्याशी ताडून बघा. हे पाऊल सगळे गाळतात. २० फेब्रुवारी २०१६ ला मिंटच्याच साइटमध्ये चोर घुसले होते आणि उतरवायच्या दुव्यामागं त्यांनी मागचं दार ठेवलेली आयएसओ लावली होती. ताक्याला शिक्का बघता ना? तसं हे. विंडोजवर रुफस नावाचा छोटा प्रोग्राम आहे, तो हा आकडाही काढून देतो आणि आयएसओ पेन ड्राइव्हवर लिहूनही देतो. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरे. त्यावर आधीचं जे असेल ते जातं, मेमरी कार्डातले कुणाच्या लग्नाचे व्हिडिओ त्यात ठेवलेले नाहीत ना, बघा. घरात चालू संगणकच नसेल तर अँड्रॉइडवर एचड्रॉइड नावाचं मुक्त ॲप आहे. ओटीजी केबलनं फोनवरूनच पेन ड्राइव्ह तयार होतो.

पेन ड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करताना एक ठरावीक कळ दाबत राहायची. डेल आणि लेनोव्होला बहुतेक एफ १२, एचपीला एफ ९, आसुसला एस्केप. यादी येते, त्यातून पेन ड्राइव्ह निवडायचा. थोड्या वेळानं मिंट उघडतं, आणि लक्षात घ्या, अजून काहीही बसलेलं नाही. ते पेन ड्राइव्हवरूनच चालतंय, म्हणून थोडं संथही आहे. इथं घाई करू नका. चहा घ्या आणि तपासा: वायफाय दिसतंय का, आवाज येतो का, पडद्याचा उजेड कमी-जास्त होतो का, झाकण मिटून उघडल्यावर जागा होतो का. 'डिस्क्स' नावाच्या प्रोग्राममध्ये हार्ड डिस्कची तब्येत दिसते. ती बिघडत चाललीय असं दाखवत असेल तर थांबा. मरणाऱ्या डिस्कवर काहीही बसवलं तरी ते तिच्याबरोबरच जाणार.

काही जुन्या लॅपटॉपचं वायफाय पहिल्यांदा चालत नाही आणि मुलं तिथंच हार मानतात. युक्ती साधी आहे. फोन केबलनं जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. इंटरनेट आलं. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडून वायफायचा ड्रायव्हर उतरवून घ्या.

सगळं पटलं तर डेस्कटॉपवरचं 'इन्स्टॉल' दाबायचं. भाषा, कीबोर्ड, आणि मग तो प्रश्न येतो ज्यानं माझ्या घरात दोन महिने अबोला आणला. एक पर्याय आहे विंडोजच्या शेजारी बसवण्याचा, दुसरा पूर्ण डिस्क पुसण्याचा. पुसणे म्हणजे विंडोज पुसणे नव्हे. डी ड्राइव्ह, ई ड्राइव्ह, अब्बांचे फोटो, सगळं. शेजारी बसवलंत तरी आधी कॉपी हवीच, कारण डिस्कची वाटणी चालू असताना लाइट गेली तर? आपल्याकडं लाइट जाते. बॅटरी मेलेल्या लॅपटॉपवर हे काम इन्व्हर्टर नसलेल्या घरात करू नका.

बसल्यावर पहिल्यांदा सगळे अपडेट. मग टाइमशिफ्ट चालू करा. एखादा अपडेट बिघडला तर प्रणाली कालच्या स्थितीत परत नेते. पण टाइमशिफ्ट तुमच्या फाइलींची राखण करत नाही, फक्त प्रणालीची. फाइलींची कॉपी वेगळी, बाहेर, दुसऱ्या डिस्कवर.

आता भाषेचं. आपल्यातल्या पुष्कळांच्या घरात मराठी शाळेची, उर्दू दादीची आणि बाकीचं मोबाईलचं. मिंटमध्ये कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट जोडता येतो आणि त्याच यादीत उर्दूही असते. एका कळीनं अदलाबदल. अक्षरांसाठी पुण्यात काम झालेलं आहे. रेड हॅटचे लोहित फॉन्ट २००४ पासून मुक्त आहेत आणि तिथल्या अभियंत्यांनी ते सांभाळले. उर्दूसाठी नोटो नस्तालिक मुक्त आणि मोफत आहे. माझी दादी उर्दू वाचायची ती नस्तालिकमधलीच. मोबाईलवरची सरळ नस्ख अक्षरं दाखवली की म्हणायची, ही कुणाची उर्दू? लिबर ऑफिसमध्ये एका पानावर वरती मराठी आणि खाली नस्तालिक उर्दू पहिल्यांदा उमटली तेव्हा मी ते छापून तिच्यासमोर ठेवलं. तिनं चष्मा लावून दोनदा वाचलं आणि त्यात शुद्धलेखनाची चूक काढली.

संपूर्ण मेनू मराठीत हवा असेल तर मिळतो, पण भाषांतर अर्धवट आहे. मध्येच इंग्रजी दिसतं. ते भाषांतर कुणी पगारी माणूस करत नाही. तुमच्यासारखीच पोरं रात्री बसून करतात. तुमच्यापैकी ज्यांना 'माझं इंग्रजी कच्चं' वाटतं आणि मराठी पक्कं आहे, त्यांनी तिथं दहा ओळी केल्या तरी त्या जगभर दिसतात.

मी लिनक्सची विक्रेती नाही, तेव्हा जे होत नाही तेही सांगते. टॅली थेट चालत नाही. ज्यांच्या घरचा धंदा टॅलीवर आहे त्यांनी तो संगणक जसा आहे तसा ठेवा, प्रयोग दुसऱ्यावर करा. कापडाच्या डिझाइनची बहुतेक सॉफ्टवेअर विंडोजवरचीच. डिजिटल सहीची काही टोकन चालतात, काही रडवतात. झेरॉक्सच्या दुकानांत दिसणारे काही जुने लेझर प्रिंटर लिनक्सला ओळखच देत नाहीत. आणि जुन्या मराठी फाइली श्री-लिपी किंवा तसल्या फॉन्टमध्ये असतील तर त्या लिनक्सवर उघडल्यावर कचरा दिसेल. आत मराठी अक्षरं नाहीतच, इंग्रजी अक्षरांना मराठी मुखवटा चढवलेला आहे. विंडोज असतानाच त्यांची पीडीएफ काढा किंवा युनिकोडमध्ये बदलून घ्या.

आणखी एक सांगायचं टाळणार होते, पण सांगते. आमच्या मोहल्ल्यातल्या एका वहिफणी कामगाराची मुलगी. लॉकडाऊनमध्ये घरात एक फोन आणि तीन भावंडं. फोन सकाळी भावाला, दुपारी धाकटीला. तिचा नंबर रात्री दहानंतर. तिला मी भंगारातून आलेला एक लॅपटॉप मिंट टाकून दिला. दहावीचं वर्ष तिनं त्यावर काढलं. फॉर्म, व्हिडिओ, टिपणं, सगळं. पुढं एका ऑनलाइन परीक्षेसाठी संस्थेनं स्वतःचं सॉफ्टवेअर उतरवायला सांगितलं आणि ते फक्त विंडोजवर चालत होतं. मी सहा तास खटपट केली. नाही झालं. शेवटी तिच्या अब्बांनी एकाचा लॅपटॉप दिवसभरासाठी मागून आणला. परीक्षा झाली, ती पासही झाली. पण आदल्या रात्री तिनं मला विचारलं होतं, "बाजी, हे आपल्याला आधी कळलं असतं तर?" बरोबर होतं तिचं. म्हणून आता मी लॅपटॉप देताना आधी विचारते, यावर तुला कायकाय करायचंय? तुझ्या परीक्षेची नियमावली कुठाय? त्यात विंडोज लिहिलं असेल तर मी स्वतःच सांगते, दोन्ही शेजारी-शेजारी ठेवू किंवा हा लॅपटॉप नको.

संस्था बदलतील तेव्हा बदलतील. केरळच्या सरकारी शाळांत वर्षानुवर्षं मुक्त प्रणालीवरच संगणक शिकवतात, तिथल्या मुलांना हा प्रश्न असा पडत नाही. आपल्या संस्थाचालकांना एक पत्र लिहायला हरकत नाही की परीक्षा ब्राउझरमध्ये घ्या. सह्या मी पण करते.

भाईजानांचं विचाराल. दोन वर्षांनी त्यांनी आपणहून दुसरा जुना लॅपटॉप माझ्याकडं दिला. वर चिठ्ठी चिकटवली होती, "कॉपी काढली आहे. तरी विचारून कर." आज कारखान्यातल्या हिशेबाला लिबर ऑफिसच आहे आणि दर शुक्रवारी जुम्म्याला जायच्या आधी ते स्वतः पेन ड्राइव्हवर कॉपी काढतात. मला हात लावू देत नाहीत.

बरं. पेन ड्राइव्ह आहेत, पंधरा जणांना पुरतील. बॅटरी मेलेले लॅपटॉप उजवीकडच्या टेबलावर, तिथं इन्व्हर्टरची लाइन आहे. ज्यांनी कॉपी काढलेली नाही त्यांनी आधी माझ्याकडची बाहेरची डिस्क न्या आणि कॉपी काढून या, तुमचा नंबर जाणार नाही. आणि तो सुतळीवाला कुणाचा? आण रे इकडं, पहिला तोच घेऊ.